मधमाशी शोधणारा वारिओ

हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेमबद्दल घरी आणि शाळेत एकच मत ऐकू येते : निव्वळ वेळेचा अपव्यय! ते सर्वस्वी खोटे नाही. पण १९९८ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘गेम बॉय’ या यंत्रासाठी काढलेला ‘वारिओ लँड २’ हा खेळ पाहिला, की त्या मताला थोडी मुरड घालावीशी वाटते.

यंत्र अगदी साधे. पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ बिंदू. रंग नाहीत, फक्त चार छटा. मग नायक धावू लागताच मागचा देखावा इतक्या सफाईने सरकतो कसा? मौज अशी की, ते चित्र जागचे हलतच नाही! यंत्राच्या स्मृतीत २५६ गुणिले २५६ बिंदूंचे मोठे चित्र असते आणि पडदा म्हणजे त्यावरची खिडकी. ही खिडकी कोठे ठेवायची तो आकडा तेवढा बदलतो, आणि नजरेआडच्या कडेला पुढच्या देखाव्याच्या चौकटी भरल्या जातात. धावत्या आगगाडीतून झाडे पळताना दिसतात, त्यातलाच प्रकार.

एवढ्याशा पडद्यावर चेहऱ्यावरचे बारीक भाव दाखवणार कसे? म्हणून येथे विनोद साऱ्या देहाचाच आहे. वारिओ हा मारिओचा लोभी, आडदांड प्रतिस्पर्धी. ‘वाईट’ या अर्थाचा ‘वारुइ’ हा जपानी शब्द त्याच्या नावातच दडला आहे. त्याला मधमाशी डसली की तोंड फुग्यासारखे सुजते आणि स्वारी थेट छताकडे तरंगत जाते. जड वस्तूखाली चेंगरला की त्याचा पापड होतो व अरुंद फटीतून सरकू लागतो. अंगाला आग लागली की सैरावैरा धावतो आणि एरवी न फुटणारे ठोकळे फोडतो.

या जातीच्या बहुतेक खेळांत शत्रूचा धक्का म्हणजे एक जीव गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वारिओ मात्र मरतच नाही! फार तर काही नाणी सांडतात. उलट काही जागा अशा आहेत, की सुजल्याशिवाय तेथे पोहोचताच येत नाही. मग खेळणारा मुद्दाम मधमाशी शोधू लागतो. काय केले की काय होते, हे तो आपण होऊन तपासतो. हसू येते ते वारिओच्या फजितीचे, पण गोडी लागते ती या तपासण्याची, असे माझे मत आहे. भीती गेली की थोडा थरारही जातो, हे मान्य; ज्यांना थरारच हवा त्यांना हा खेळ मिळमिळीत वाटेल.

आता आपली प्रयोगशाळा पाहा. लंबकाचा आवर्तकाल पुस्तकातल्याप्रमाणे आला नाही, की मुलगा तो आकडा खोडतो आणि शेजाऱ्याच्या वहीतला उतरवतो. गुण मिळतात. दोरीची लांबी मोजताना चूक झाली, की आंदोलने मोजताना, हे कोणी विचारतच नाही. शिक्षकांनी एकदा ते खोडलेले आकडे वाचून पाहावेत.