रुई तोडण्याआधी पान उलटून पाहा

पावसाळा सरला की महाड-पोलादपूर भागात साफसफाईला सुरुवात होते. महामार्गाची कड, शाळेचे आवार, देवळामागची मोकळी जागा. कोयता फिरतो आणि गवताबरोबर रुईही जाते. शनिवारी मारुतीच्या हाराला रुईची पाने लागतात, एरवी ती नुसते माजलेले रान ठरते. ही सरसकट तोड थांबायला हवी, कारण त्यात एका फुलपाखराची पुढची पिढीच कापली जाते.

नारिंगी पंख, टोकाला काळा भाग आणि त्यात पांढरे ठिपके असलेले ‘प्लेन टायगर’ फुलपाखरू बहुतेकांनी पाहिलेले असते. मराठीत त्याला बिबळ्या कडवा म्हणतात आणि ‘कडवा’ हे नाव उगाच पडलेले नाही. तो कडवटपणा रुईतून येतो. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारे विष असते, म्हणूनच गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. कडव्याची मादी मात्र नेमकी याच पानांवर अंडी घालते.

हे जमते कसे? अमेरिकेतील प्रसिद्ध मोनार्क हा कडव्याचा जवळचा भाऊबंद आणि त्याचे खाद्य असलेले मिल्कवीड रुईच्याच कुळातले. प्राण्यांच्या पेशीत सोडियम बाहेर टाकणारा एक ‘पंप’ असतो. हे विष त्याला चिकटते आणि पंप बंद पडतो. मोनार्कच्या पंपाची घडण उत्क्रांतीत अशी बदलली, की विषाची पकडच ढिली झाली. २०१९ मध्ये संशोधकांनी साध्या फळमाशीच्या पंपात यातले तीन बदल करून पाहिले. त्या माश्याही हे विष सहन करू लागल्या!

झाडही स्वस्थ बसलेले नाही. चिकट चिकात कोवळ्या अळीचे तोंड अडकू शकते. त्यावर अळीची युक्ती अशी, की ती आधी पानाची शीर किंवा देठ कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचे पान खाते. आधी कॉक बंद, मग जेवण. खाताना साठवलेले विष पुढे फुलपाखराच्या कामी येते. एकदा तोंड पोळलेला पक्षी तो रंग लक्षात ठेवतो.

याचा फायदा दुसरेही घेतात. डॅनेड एगफ्लायच्या मादीने कडव्याचे रूप हुबेहूब उचलले आहे. तिची अळी साधी घोळाची भाजी खाते, अंगात विष नाही, पण कडव्याच्या दहशतीवर तिचे निभावते. गंमत म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या नकलेला जागा मिळाली, अस्सल कडव्याला नाही. रुईला तर कोण विचारतो? अस्सलच उरला नाही, तर नकलेला कोण घाबरणार?

सुशोभीकरणाच्या नावाखाली फुलझाडे लावून फुलपाखरे बोलावण्यातही फारसा अर्थ नाही. मधाने मोठ्यांचे पोट भरते, अळ्यांना पान लागते. ग्रामपंचायती आणि शाळांनी आवाराच्या एका कोपऱ्यात चार-पाच रुया राखाव्यात, बाकीच्या टप्प्याटप्प्याने काढाव्यात. चीक डोळ्यात जाणार नाही एवढी काळजी घेऊन पान उलटून पाहावे. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या जोड्या असलेली अळी दिसली, तर दोन-तीन आठवडे कोयता बाजूला ठेवावा. ही अळी भाताला किंवा आंब्याला तोंड लावत नाही.