अंधार होताच मागे फिरणारे

जुहूजवळ इर्ला नाल्याचे काळपट पाणी समुद्राला मिळताना पाहिले, की मला जांभळे जिवाणू आठवतात. प्राणवायू संपलेल्या, गंधकाचा दर्प येणाऱ्या, पण ऊन पोचणाऱ्या चिखलात ते प्रकाशावर जगतात. त्यांना डोळे नाहीत. तरीही पोहताना अंधारात शिरले, की ते दचकून माघारी फिरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८३ मध्ये नोंदवले. उजेड घटला, की पेशीतला इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मंदावतो, तोच इशारा. क्षणापूर्वीपेक्षा उजेड कमी झाला, एवढे त्यांना पुरते.

आणि आपण? वर्सोव्यासह मुंबईतील सात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली जानेवारी २०२३ मध्ये. पाणी त्याआधी कित्येक वर्षे काळवंडत होते. जिवाणूला बदल जाणवतो. आपल्याला त्याची सवय होते.