ओले फुप्फुस आणि इजा झालेले फुप्फुस

मंठ्याच्या शिवारात सरपण उचलताना किंवा कडब्याची पेंढी ओढताना विंचू चावल्याची गोष्ट कोणाला नवी नाही. बहुतेकांना रात्रभर ठणका लागतो आणि मग तो उतरतो. पण लाल विंचवाचा दंश, त्यातून लहान मुलाला झालेला, कधी कधी वेगळेच वळण घेतो. दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि काही तासांत छाती घरघरू लागून तोंडाशी गुलाबी फेस येतो. फुप्फुसात पाणी भरलेले असते. (अशा मुलाला मांत्रिकाकडे नव्हे, तडक दवाखान्यात न्यावे, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

हे पाणी येते कोठून? वायुकोशांभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते आणि दोहोंमध्ये अतिशय पातळ भिंत असते. शेतात पाणी दोन प्रकारे शिरते. पाटाला फार पाणी आले की ते बांधावरून ओसंडते. आणि उंदरांनी बांध पोखरला असेल, तर पाटात बेताचे पाणी असूनही शेत भिजते. फुप्फुसाचेही तसेच आहे. हृदयाचा डावा भाग थकला की केशवाहिन्यांतील दाब वाढून पाणी बाहेर पडते. किंवा भिंतीलाच इजा होऊन ती झिरपू लागते. तीव्र फुप्फुस-इजा म्हणतात ती ही दुसरी.

आपल्याच जालना जिल्ह्यातील देहेड येथे जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड तालुक्यात असे रुग्ण जवळून पाहिले. हृदयावरील परिणामांची त्यांची निरीक्षणे 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात व हृदयावर भार येतो, हे ओळखून त्यांनी त्या सैल करणारे प्राझोसिन वापरले. त्याने अनेकांचे प्राण वाचले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे पाणी दाबाचेच, असे म्हणून मोकळे व्हावे काय? वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात श्रीपाद देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांना भूल देऊन हे विष टोचले आणि फुप्फुसातील पाणी मोजले. त्यांच्या प्रयोगांत कायनिन नावाच्या द्रव्यांचाही हात दिसला, आणि ही द्रव्ये वाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करणारी म्हणून प्रसिद्ध आहेत. तेव्हा प्रश्न खुलाच राहतो.

पाणी मोजण्याची रीत तुम्हालाही समजेल. फुप्फुस काढून ताबडतोब तोलायचे, मग भट्टीत वजन घटेनासे होईपर्यंत वाळवून पुन्हा तोलायचे. समजा, ओले वजन 1.5 ग्रॅम आणि कोरडे 0.3 ग्रॅम भरले, तर गुणोत्तर 5 आले. निरोगी उंदराचे ते साधारण 4 ते 5 असते. तेच 7 आले, तर फुप्फुस ओले झाले हे नक्की. पण बांध फुटला की पाट ओसंडला, हे तराजू सांगत नाही! फुप्फुसात साचलेले रक्तही हा आकडा बिघडवते.

भिंत फुटली का, हे पाहायला दुसरी युक्ती आहे. इव्हान्स ब्लू नावाचा निळा रंग रक्तात सोडला की तो अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो. दाबाने गाळून आलेल्या पाण्यात प्रथिने थोडी असतात. भिंत फाटली की ती निळा रंग घेऊनच बाहेर पडतात.

2011 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या तज्ज्ञांनी प्राण्यांसाठी चार कसोट्या सुचवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींची इजा दिसावी, भिंत झिरपावी, पांढऱ्या पेशींची धाव म्हणजे दाह आढळावा आणि श्वसनाचे काम बिघडावे. चारांपैकी निदान तीन जुळल्या तरच इजा म्हणावी. माणसासाठीची 1994 ची व्याख्या छातीचे क्ष-किरण चित्र, रक्तातील प्राणवायू आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यात दाब वाढलेला नसणे यांवर उभी होती. उंदराच्या बाबतीत हे सारे पाहणे अवघड, म्हणून वेगळ्या कसोट्या. गंमत अशी की 2012 च्या बर्लिन व्याख्येने माणसाच्या बाबतीत ‘तीव्र फुप्फुस-इजा’ हे नावच वगळले. प्राण्यांच्या प्रयोगांत मात्र ते चालूच आहे.

माझे मत असे, की तीनांची ही अटही विंचवाच्या बाबतीत अपुरी आहे. तेथे हृदयाकडील दाब मोजल्याखेरीज निकाल देऊच नये. मोजमाप वाढले की खर्च वाढतो, छोट्या प्रयोगशाळांना तो झेपत नाही, ही तक्रार मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. पण अपुऱ्या मोजमापावर ‘इजा’ असा शिक्का बसला, तर पुढचा संशोधक भिंत सांधणारे औषध शोधत बसेल आणि मूल मात्र दाबाने गुदमरत असेल. उंदराचा जीवही फुकट गेलेला असेल. ज्याच्याकडे फक्त तराजू आहे त्याने ‘फुप्फुस ओले झाले’ एवढेच लिहावे. त्यात कमीपणा कसला? वाराणसीच्या गटाच्या 1999 च्या निबंधाचे शीर्षकच पाहा. त्यात शब्द आहे ‘फुप्फुसशोफ’, म्हणजे फुप्फुसात पाणी साचणे. ‘इजा’ हा शब्द त्यांनी तेथे घातलेला नाही.