‘मले सोडून गेली’ यात हसण्यासारखं काय आहे?

ब्युनॉस आयर्समध्ये १९१७ साली कार्लोस गार्देलने एक टँगो गायला, ‘मी नोचे त्रिस्ते’. म्हणजे माझी उदास रात्र. शब्द पास्कुआल कोन्तुर्सीचे. बाई सोडून गेलीय. गिटार कपाटात टांगलेली. ती असताना आणायचा तशी बिस्किटं हा अजून आणतो आणि रात्री दार लावत नाही, न जाणो परत आली तर. तक्रार आहे, धमकी नाही. आणि हे सगळं लुन्फार्दोत, सभ्य लोक नाक मुरडायचे त्या वस्तीतल्या बोलीत. गोष्ट सांगणारा टँगो इथून सुरू झाला असं मानतात.

आता आमच्या खापरखेड्यात टपरीवर बोलून पाहा, ‘मले सोडून गेली बे.’ आधी हसतील. मग म्हणतील, ‘सोड ना बे, दुसरी पाहू.’ रडला तर देवदास, तिला शिव्या घातल्या तर मर्द. आमची बोली सिनेमात आणि रील्सवर येते ती विनोदाला. ‘मले-तुले’ ऐकताच लोक हसायला तयार! म्हणून खरं दुखलं की पोट्टे हिंदीत शिरतात आणि स्टेटसला ‘बेवफा’ लावतात. त्यात दुःख कमी, आरोपपत्र जास्त.

मराठीत विरह कमी आहे का, असं कुणी विचारेल. भरपूर आहे, पण कोणाच्या तोंडी? राम जोशी, होनाजी बाळा हे शाहीर पुरुष. लावणीत झुरते ती बाई. म्हणजे लिहिणाऱ्या पुरुषाने स्वतःसाठी काय ठेवलं, तर आपली कोणीतरी वाट पाहतंय ही चैन. सुरेश भट आमच्या अमरावतीचे, गझलेत जगाला अंगावर घेणारे. पण लताबाई-आशाबाईंनी गायलेली त्यांची गाजलेली रात्रीची गाणी बाईच्याच तोंडची. नागपूरच्या ग्रेस यांच्या पावसाच्या कवितेत पुरुष उघड व्याकूळ होतो, तर ती आईसाठीची म्हणून वाचली जाते. आईसाठी रडायला परवानगी आहे ना!

टँगो काही धुतल्या तांदळाचा नाही. बाईला दगाबाज ठरवणारे, सुरा काढणारे टँगोही आहेत. पण सोडून दिलेला पुरुष तिथे निदान स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत बोलला.

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला एका पुरुषाने भर रस्त्यात पेटवलं. आठवड्याभरात नागपूरच्या हॉस्पिटलात ती गेली. एखाद्या गाण्याने तो हात थांबला असता, असा भाबडा दावा मी करणार नाही. तो गुन्हा होता, प्रेमभंग नव्हे. पण बाईचा ‘नाही’ ऐकल्यावर पुरुषाने घरी येऊन काय करायचं, हे आमच्या गाण्यांनी आम्हाला सांगितलंय का? मिळवायचं कसं आणि सूड कसा घ्यायचा, एवढंच सांगितलं.

आपल्याकडे रॅप करणारे पोट्टे आता गल्लोगल्ली आहेत, बीट मोबाइलवर बनतो. भाऊ, एक गाणं ‘मले’मध्ये लिहा. तिचं नाव खराब न करता, शेवटी पंच न टाकता. लोक हसले तर हसू द्या, दुसरं कडवं सुरू करा.