खाऱ्या मांसाचा आयरिशपणा

दरवर्षी १७ मार्च जवळ आला की एक वाद ठरल्याप्रमाणे उकरून काढला जातो. त्या दिवशी, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या सणाला, अमेरिकेतल्या आयरिश वंशाच्या असंख्य घरांत मिठात मुरवलेले गोमांस आणि कोबी एकत्र शिजतो. 'कॉर्न्ड बीफ अँड कॅबेज' हे त्याचे नाव. मीठ लावताना वापरायच्या जाड खड्यांना जुन्या इंग्रजीत 'कॉर्न' म्हणत. मक्याचा इथे काही संबंध नाही. आणि दरवर्षी कोणी तरी जाणकार ठणकावून सांगतो की हा पदार्थ आयरिश नाहीच. आयर्लंडात कोबीबरोबर डुकराचे खारवलेले मांस खातात. माहिती म्हणून हे बरोबर आहे. पण त्यावरून या घरांतला सण नकली आणि वारसा उसना ठरवायचा, हे चूक. सणाचे अन्न मूळ गावासारखे हुबेहूब झाले की नाही याला फारसे महत्त्व नाही. ते शिजवणाऱ्या लोकांवर काय काय गुदरले, याची नोंद त्या अन्नात उरली आहे का, हे पाहावे. या कसोटीवर कॉर्न्ड बीफइतका आयरिश पदार्थ शोधून सापडणार नाही.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या जमीनदारांना आयर्लंडहून येणाऱ्या जिवंत गुरांची स्पर्धा खुपू लागली. १६६३ आणि १६६७ च्या कायद्यांनी या आयातीवर आधी बंधने आली, मग बंदी आली. जनावर जिवंत पाठवता येईना, तेव्हा ते कापून, मिठात घालून, पिंपांत भरून पाठवण्याचा धंदा उभा राहिला. दक्षिणेकडचे कॉर्क बंदर पुढे दीर्घकाळ या व्यापाराचे मोठे ठाणे होते. इथले खारे मांस ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर चढले, कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत पोचले. ज्या बेटावर ते तयार होत होते, तिथल्या गरिबांच्या ताटात मात्र ते क्वचितच पडले. चांगली जमीन गुरांसाठी आणि विक्रीच्या पिकांसाठी अडकलेली. कुळाच्या हाती उरलेल्या तुकड्यावर घरादाराचे पोट भरेल असे एकच पीक होते, बटाटा. दारात डुक्कर असले तरी ते विकून खंड भरायचा. त्या डुकराला 'भाडे भरणारा गृहस्थ' असे थट्टेने म्हणत, त्या थट्टेत सगळे अर्थशास्त्र आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई आणि वर ताक पिई.

१८४५ साली या बटाट्यावर करपा पडला. पुढच्या सातेक वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी मेली. त्याहून थोडी अधिकच देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. आज उत्तर आणि दक्षिण दोन्ही भाग मिळून तिथे सुमारे ७० लाख माणसे राहतात. म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतरही तो खड्डा भरलेला नाही. दुष्काळाच्या त्या वर्षांतही धान्य आणि लोणी जहाजांतून बाहेर जात राहिले. पळालेले लोक न्यू यॉर्क, बोस्टनच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत उतरले. तिथे मायदेशासारखे खारे डुक्कर सहज मिळेना किंवा परवडेना. गोमांस मात्र मजुराच्या आवाक्यात होते. अन्नाचे इतिहासकार सांगतात की शेजारच्या ज्यू खाटकांकडे जनावराच्या छातीचे, मिठात मुरवलेले मांस मिळे, ते आयरिश बायका घेऊ लागल्या. कोबी स्वस्तच होता. मायदेशी पिंपांत भरून परक्यांकडे जाणारे मांस इथे सणाच्या दिवशी आपल्या ताटात वाढता येऊ लागले. हा पदार्थ आयर्लंडात जन्मला नाही, हे खरे. पण ज्यांना आयर्लंड सोडावे लागले त्यांच्याच चुलीवर तो जन्मला.

याहून जड आक्षेप अमेरिकन इतिहासकार हासिया डायनर यांच्या 'हंगरिंग फॉर अमेरिका' या २००१ सालच्या पुस्तकातून निघतो. इटालियन, आयरिश आणि ज्यू स्थलांतरितांची त्यांनी तुलना केली. इटालियनांनी अमेरिकेत आपली ओळख जेवणाभोवती उभी केली; आयरिशांनी तसे केले नाही, कारण अन्नाची त्यांची आठवणच मुळी अभावाची होती. मग ज्या समाजाने स्वतः अन्नाबद्दल फारसा अभिमान बाळगला नाही, त्याच्या नातवंडांनी 'पारंपरिक जेवण' साजरे करणे हा बनाव नाही का? डायनर यांचे निरीक्षण वजनदार आहे. मात्र ते विस्थापितांच्या मौनाचे निरीक्षण आहे, आणि मौन म्हणजे काहीच नसणे नव्हे. खुद्द आयर्लंडातही घरचे जेवण पाहुण्यापुढे ठेवण्याजोगे नाही, हॉटेलात फ्रेंच पदार्थच हवेत, असा समज दीर्घकाळ होता. १९६४ साली मर्टल ॲलन या शेतकरी गृहिणीने कॉर्कजवळच्या बॅलिमॅलो इथल्या आपल्या राहत्या घरात खानावळ काढली आणि आसपासचे मासे, भाज्या, लोणी हेच मानाने वाढले. पुढे त्या घराला मिशलिन तारा मिळाला. जगाने दखल घेतलेले हे अन्न नव्याने शोधलेले नव्हते. ते घरात होतेच; त्याची लाज वाटणे तेवढे थांबले.

घरात काय होते, ते सणांच्या क्रमाने पाहिले तर दिसते. ३१ ऑक्टोबर हा सर्व संतांच्या सणाचा आदला दिवस. कॅथलिक रिवाजाप्रमाणे त्या दिवशी मांस वर्ज्य. म्हणून घोटलेल्या बटाट्यात कोबी किंवा केलची पाने आणि लोणी घालून केलेले कोलकॅनन, किसलेल्या बटाट्याची बॉक्स्टी नावाची धिरडी, आणि बेदाणे घातलेला बार्मब्रॅक नावाचा पाव, हे त्या रात्रीचे पदार्थ. बार्मब्रॅकमध्ये अंगठी, नाणे, चिंधी लपवत. अंगठी मिळाली तर लग्न, नाणे मिळाले तर पैसा, चिंधी आली तर दारिद्र्य. भविष्य सांगणाऱ्या पावातही गरिबीला जागा होती. १ फेब्रुवारीला सेंट ब्रिजिडचा दिवस. ती दूधदुभत्याची संत, म्हणून ताज्या लोण्याचा मान. २०२३ पासून आयर्लंडात या सणाची सरकारी सुट्टी असते. सोडा ब्रेड तर १८३० च्या सुमारास खाण्याचा सोडा बाजारात आल्यावर रुजला. तिथला गहू मऊ, यीस्टच्या पावाला तितकासा न मानवणारा. शिवाय कित्येक घरांत भट्टी नव्हती. ताकातले आम्ल आणि सोडा मिळून पीठ फुलते. ते झाकणाच्या लोखंडी भांड्यात घालून वरखाली निखारे ठेवले की पाव तयार. ताक घरात भरपूर, कारण लोणी विकायचे असे. १७७० साली सुरू झालेली कॉर्कची लोणीपेठ एकोणिसाव्या शतकात जगातली सर्वांत मोठी मानली जाई. लोणी पेठेत आणि ताक घरात, ही त्या पावाची खरी पाककृती आहे.

दीडशे-दोनशे वर्षांचा सोडा आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटा, याला परंपरा म्हणायचे का, असे विचारणाऱ्या मराठी वाचकाने एकादशीचे ताट आठवावे. बटाटा, शेंगदाणा, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, वर पडणारी हिरवी मिरची, हे सगळे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून समुद्र ओलांडून आलेले. 'बटाटा' हा शब्दही आपण पोर्तुगिजांकडून घेतला. तरीही साबुदाण्याच्या खिचडीला कोणी परकी म्हणत नाही, आणि तसे म्हणू नये हेच योग्य. परकी वस्तू एखाद्या घराच्या नेमधर्मात बसली, तिला दिवस आणि वेळ मिळाली, ती करणारीच्या हाताला तिचे प्रमाण कळले, की ती त्या घराची होते. जो नियम आपण आपल्या उपासाला लावतो तोच आयरिश सणाला लावायला हवा.

पण मग वारसा जपायचा तो घरीच का? मिरवणुका आहेत, मेळावे आहेत. न्यू यॉर्कची सेंट पॅट्रिकची मिरवणूक १७६२ पासूनची. डब्लिनच्या मिरवणुकीहून कितीतरी जुनी. शिकागोत १९६२ पासून नदी हिरवी रंगवतात. हे सारे आनंदाचे आहे आणि एके काळी ते हक्काचेही होते, कारण ज्यांना नोकरी देताना नाके मुरडली जात, त्यांनी रस्त्यावर येऊन आपली संख्या दाखवणे गरजेचे होते. पण हिरव्या बिअरला कोणी प्रश्न विचारत नाही. ताटातल्या पदार्थाला मूल प्रश्न विचारते: आजच का, हेच का, पावावर फुली का मारतात? उत्तर देणाऱ्याला आधी ते स्वतः माहीत करून घ्यावे लागते. आयर्लंडने याची किंमत फार लवकर ओळखली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नासेक हजार मुलांना कामाला लावले. घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा, एवढेच सांगणे. लोणी कसे घुसळत, पाव कसा भाजत, कोणत्या सणाला काय करत, हे सारे त्या वह्यांत आले. त्या वह्या आज देशाचा ठेवा मानल्या जातात आणि संगणकावर कोणालाही वाचता येतात. देशाची आठवण नोंदवायची तर घरात जाऊन विचारावे लागते, हे एका सरकारला उमगले होते.

एक आक्षेप यापुढेही उरतो, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. बटाट्याच्या पदार्थांचे कौतुक करणे म्हणजे उपासमारीला नटवणे नाही का? धोका खरा आहे. दुकानातला 'अस्सल ग्रामीण' चवीचा माल नेमका हेच करतो. दारिद्र्याला झालर लावून विकतो. त्यावर उपाय पदार्थ टाकून देणे हा मात्र नाही. दुष्काळाबद्दल आयरिश समाज कितीतरी काळ मोकळेपणे बोलत नव्हता; स्ट्रोक्सटाउन इथले दुष्काळाचे संग्रहालय उघडायला १९९४ उजाडावे लागले. संग्रहालयात माणूस आयुष्यात एकदा-दोनदा जातो, ताटावर रोज बसतो. कोलकॅनन वाढताना करप्याची गोष्ट सांगितली, तर ते नटवणे राहत नाही. गोष्ट वगळली तर तो नुसता बटाटा.

दुसरा आक्षेप आपल्याही घरांतला आहे. 'घरचा वारसा' म्हटले की तो रांधायचा कोणी, हे गृहीत धरलेले असते. इथे आयरिश परंपरेतच एक उत्तर दडले आहे. ६ जानेवारीला, नाताळचे दिवस सरताना, कॉर्क आणि केरी भागांत 'नॉलिग ना मान' म्हणजे बायकांचा नाताळ पाळत आले आहेत. त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचे आणि बायकांनी एकमेकींकडे जाऊन चहा-केकचा समाचार घ्यायचा. वर्षातून एक दिवस हे फार थोडे झाले, हे कबूल. पण सणाच्या स्वयंपाकात कोणाचा घाम जातो याची कबुली परंपरेनेच दिली आहे. ती पुढे नेऊन उरलेल्या दिवसांना लावणे हे आताच्या पिढीचे काम. सोडा ब्रेडला मळण्याचे श्रम नाहीत, तासाभरात होतो. तो मुलांनी आणि वडिलांनी करावा. वारसा सांगण्याचे आणि तो रांधण्याचे काम एकाच माणसाकडे असले तर गोष्टही जास्त खरी होते.

हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. २०२२ च्या जनगणनेत त्या देशात सुमारे ४५ हजार भारतीय नागरिक नोंदले गेले, आणि त्यांच्यात मराठी घरेही आहेत. त्या घरांत गोठवलेल्या नारळाचे मोदक होत असतील, आयरिश लोण्याचे तूप कढत असेल, आणि ते मोदक 'खरे' की नाही यावर वाद घालणारे आपल्याकडेही कमी नाहीत. दोन्हीकडच्या अस्सलपणाच्या राखणदारांना एकच सांगणे आहे. कोबीबरोबर डुक्कर शिजवायचे की गोमांस, हे खाटकाच्या दुकानात काय मिळते त्यावर सोडावे. ताटावर बसलेल्या मुलाला १८४५ साली काय झाले आणि आपण इथे कसे आलो हे कळले का, एवढे मात्र जरूर विचारावे.