पैसे परत किती?

‘प्रवासाचा उद्देश काय?’ या एका प्रश्नावर सदरलेखकाच्या भाच्याचा विम्याचा ऑनलाइन अर्ज या आठवड्यात अडून बसला. खाली पर्याय तीन: पर्यटन, व्यवसाय, शिक्षण. भाचा वर्षभरासाठी ऑस्ट्रेलियाला निघालाय. तिथे आधी आंबे उतरवणार, मग त्या पैशांवर भटकणार. यातलं नेमकं काय निवडायचं म्हणून हेल्पलाइनला फोन लावला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, पर्यटन टाका ना, सगळे तेच टाकतात.” ‘सगळे तेच करतात’ म्हटलं की सदरलेखकाला हटकून संशय येतो.

आधी माहिती उरकून घेऊ. ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा, क्रमांक ४६२, भारतीयांना २०२४ पासून खुला झाला. वय १८ ते ३०, मुक्काम वर्षभर, जागा वर्षाला १०००. जागा म्हाडाच्या घरांसारख्या सोडतीने मिळतात. नाव नोंदवायचे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. पहिल्या सोडतीला दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार अर्ज आले होते. ब्रिटनच्या अशाच ‘यंग प्रोफेशनल्स’ व्हिसा योजनेत वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार आधीच भरून घेतात आणि मग तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरता येते. ऑस्ट्रेलियात तसं नाही. त्या देशाचा ब्रिटन, आयर्लंड, इटली वगैरेंशी वैद्यकीय सेवेचा परस्पर करार आहे, भारताशी नाही. दवाखान्याचं बिल पाहुण्याने स्वतः भागवायचं.

आता ‘पर्यटन टाका’चा अर्थ काय होतो ते पाहा. आपल्याकडचे प्रवासविमे युरोपची सहल किंवा लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आईवडील डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले असतात. एका प्रवासाला साधारण १८० दिवसांची मुदत, पुढे वाढवून मिळाली तर कंपनीच्या मर्जीने. आणि आतल्या बारीक अक्षरांत बहुतेक ठिकाणी अंगमेहनतीचं काम वगळलेलं. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर पाय मुरगळला तर विमा, शिडीवरून पडून मुरगळला तर ‘आपण पर्यटक होतात ना?’

शिडीवरून पडलेल्यालाही वाली आहे, पण तो वेगळा. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याच्या कायद्याने मालकाला कामगारांचा अपघातविमा काढावाच लागतो आणि तात्पुरत्या व्हिसावरचा कामगारही त्यात येतो. मात्र पगार रोख हातावर ठेवणाऱ्या मालकाकडे आपण कामाला होतो, हे सिद्ध करतानाच नाकी नऊ येतात. त्यामुळे पगाराची चिठ्ठी हासुद्धा विम्याचाच कागद समजायचा. उरला सुट्टीचा रविवार. अपेंडिक्स रविवारीही दुखतं. त्यासाठी परदेशी पाहुण्यांकरता तिथल्याच आरोग्यविमा कंपन्या दरमहा हप्त्याची पॉलिसी विकतात. तिच्यात जुन्या आजारांना १२ महिने थांबावं लागतं, म्हणजे वर्षभराच्या पाहुण्याला त्या कलमाचा उपयोग शून्य. सामान हरवलं, विमान चुकलं, तर तेही तिच्यात येत नाही. रुग्णवाहिका आहे का, हे वेगळं पाहायचं, कारण क्वीन्सलँड आणि टास्मानियात तिथल्या रहिवाशांना ती फुकट मिळते, इतरत्र बिल येतं आणि ते घसघशीत असतं.

सगळ्यात कडू कलम भाच्याच्या आजीने शोधलं. चष्मा नाकावर सरकवून ती म्हणाली, “हा गणपतीला आला की विमा संपला, असं लिहिलंय का रे हे?” तसंच लिहिलंय. इथल्या अनेक पॉलिसींचा प्रवास भारतातून निघाल्यावर सुरू होतो आणि भारतात पाऊल ठेवलं की संपतो. मोदक खाऊन परत निघालात तर नवा विमा, नवा हप्ता. ‘पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च’ ही ओळ वाचल्यावर मात्र तिने कागद उलटा ठेवला. “मेल्यांना जायच्या आधीच हे सुचतं,” म्हणून ती देवापाशी जाऊन बसली.

तिचा राग खरं तर आंब्यावर आहे. माहेरच्या रत्नागिरीकडच्या बागेत झाडांवर चढायला घरचं कोणी उरलं नाही, राखणीपासून पेट्या भरण्यापर्यंत नेपाळची मुलं येतात. आणि नातू आंबे उतरवायला डार्विनला चालला! तिकडचा आंबा साधारण सप्टेंबरपासून उतरायला लागतो. उत्तरेकडच्या भागांत शेतीचं असं तीन महिने काम केलं की दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो, म्हणून तर मुलं तिकडे धावतात. आजीने भाच्याला बजावलं, “चीक उततो, बाह्या खाली ठेव.” विम्याच्या सगळ्या कागदांत एवढा नेमका सल्ला कुठेच नव्हता. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. तिथले तोडणीवालेही अंगावर उठलेल्या चट्ट्यांनी हैराण असतात.

एवढं झाल्यावर भाच्याचे वडील, म्हणजे सदरलेखकाचे भावोजी, बोलते झाले. आयुष्यभर त्यांनी आयुर्विम्याची एजन्सी केली. दोन्ही पॉलिसी त्यांनी वाचल्या, वर्षाच्या हप्त्यांची बेरीज मांडली आणि विचारलं, “पण परत किती मिळणार?”

“काहीच नाही.”

“काहीच झालं नाही तरी?”

“काहीच झालं नाही तर काहीच नाही.”

भावोजींचा चेहरा पडला. त्यांच्या लेखी जो विमा फुगून परत येत नाही तो विमाच नव्हे, दंड आहे. त्यांनी विकलेल्या प्रत्येक पॉलिसीने कुणाची तरी मुंज, कुणाच्या तरी गाळ्याचा हप्ता किंवा काशीयात्रा उरकली आहे. मरणाचा विषय ते गिऱ्हाइकापुढे कधी काढतच नसत, थेट मुदतपूर्तीच्या रकमेवर येत.

मग त्यांच्या सवयीप्रमाणे गाडी चिंतामणराव देशमुखांवर गेली. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं, कुणाला सुगावा लागू न देता. देशी, विदेशी कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था मिळून २४५ संस्था एका छत्राखाली आल्या. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं तेव्हा मात्र देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून त्यांनी राजीनामा दिला होता. इथवर आले की भावोजींचा आवाज हटकून भरून येतो. मुंबईवर की महामंडळावर, हे विचारायची कुणाची छाती होत नाही. “त्या माणसाने विमा खेड्यापर्यंत नेला,” ते म्हणाले, “आणि तुम्ही दरमहा डॉलर भरून हात हलवत परत येणार.”

भाचा शहाणा. त्याने वाद न घालता तिथल्या कंपनीची दरमहाची पॉलिसी पक्की केली आणि सामान, विमान वगैरेंपुरता इथला छोटा प्रवासविमा घेतला, उद्देशाच्या भानगडीबद्दल कंपनीला ईमेल टाकून, लेखी उत्तर हातात पडल्यावर. ते उत्तर यायला चार दिवस लागले. दरम्यान आजी देवापासून उठून आली आणि तिने एकच विचारलं: आंब्याच्या मोसमात याला आठवड्याला किती मिळतील? भाच्याने सांगितलेल्या डॉलरांचे भावोजींनी तिथल्या तिथे रुपये केले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, खुर्ची पुढे ओढली आणि मुलाला त्याची जन्मतारीख विचारली.