वहीतले ठिपके

आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे पेटीवाले काका वारले. त्यांची जाडजूड वही घरच्यांनी जपून ठेवली. पण उघडून पाहतो तो आत नुसते शब्द! चाली काकांच्या बोटांत होत्या, त्या त्यांच्याबरोबर गेल्या. म्हणून यावेळी स्वर लिहिण्याविषयी थोडे.

पं. भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. खर्जातल्या स्वराच्या पायाशी ठिपका, तार सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर ठिपका. समेला फुली, खालीला शून्य. एवढे सोपे! पण पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या (१८७२–१९३१) पद्धतीत डोक्यावरचा ठिपका म्हणजे मंद्र, आणि उभी रेघ म्हणजे तार. समेला तिथे १, आणि खालीला अधिकाचे चिन्ह. घाईत काढलेली फुली आणि अधिक ओळखायचे कसे? वस्तीतल्या एका मुलीने दोन पुस्तकांतून उतरवून घेतले, तर अंतरा वर चढायचा तो खाली बुडाला. बिचारी स्वतःलाच दोष देत बसली. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर पद्धत कोणती ते लिहावे, आणि गाण्याच्या डोक्यावर ताल व पट्टी: काळी एक की पांढरी चार.

मग पट्टीने रकाने आखावेत. केरवा असेल तर आठ, चारांनंतर उभा दंड. दादऱ्याला सहा, तिनांनंतर दंड. एका रकान्यात एकच मात्रा. वर स्वर, खाली गाण्याचे अक्षर, तळाला तालाची खूण. एका मात्रेत दोन स्वर असतील तर खालून कमान. स्वर लांबला तर आडवी रेघ, अक्षर लांबले तर ऽ. गाणे समेआधी उठत असेल तर त्याच मात्रेच्या रकान्यात सुरू करावे, आधीचे रकाने मोकळे सोडावेत.

कागद वाचवायला आपण दाटी करतो, तिथेच घात होतो. ‘मंगल’मधला अनुस्वार वरच्या स्वराच्या पायाशी जाऊन बसतो, आणि मधला स्वर खर्जातला होतो! दोन्हींत बोटभर जागा हवीच. लिहावेही शाईने. झेरॉक्समध्ये पेन्सिलीची रेघ उडाली की कोमल गंधार शुद्ध झालाच म्हणून समजा.

गळ्यातली सगळी हरकत कागदावर येत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण चालीचा सांगाडा तरी राहतो.

काकांच्या मागे कोरस धरणाऱ्या मावशींना त्यांच्या दोन चाली अजून आठवतात. येत्या रविवारी त्या गुणगुणणार आहेत. आम्ही रकाने आखून ठेवले आहेत.